दुपारचं दव

१

गोपाळकृष्ण केतकर वेधशाळेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण त्यांची नोकरी घरात अजून चालूच होती. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच या दोन वेळांना त्या घरात पाहुण्यांपेक्षा जास्त मान होता. या दोन वेळांना केतकर मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटापुढे उभे राहत, दार उघडत, आतल्या दोन तापमापकांवरचे आकडे वाचत आणि ते वहीत उतरवत. एक तापमापक कोरडा, दुसऱ्याच्या टोकाला ओली मलमलची चिंधी. दोघांतल्या फरकावरून हवेत ओल किती ते कळतं.

कपाटात त्यांचे टू-इन-वन होते. रेडिओ आणि टेप एकत्र, वर दांडी, दोन्ही बाजूंना स्पीकर. सगळे तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे, जुन्या बाजारातून आणि लोकांच्या माळ्यांवरून गोळा केलेले, एकूण दहा. खालच्या कप्प्यात झिरोचा बल्ब अहोरात्र जळायचा, म्हणजे हवा किंचित उबदार राहते आणि धातूवर दव धरत नाही. प्रत्येक संचापुढे एका वाटीत सिलिका जेलचे निळे दाणे. ओल शोषली की ते गुलाबी पडतात. मग केतकर त्यांना कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करत. त्या कढईत दुसरं काही शिजवायचं नाही, असा पद्मजाबाईंचा दंडक होता.

"तुमचे दहा जावई," त्या म्हणायच्या. "घरच्या माणसाला नुसता पंखा, आणि यांना शेक."

त्यांना असं बोलायचा हक्क होता. तीस वर्षं त्यांना दमा होता. तोंडात फवारा मारायचा पंप उशाशी असायचा. डॉक्टरांनी सांगितल्यावरून केतकर त्याच वहीत आणखी एक रकाना आखून पद्मजाबाईंनी दिवसाकाठी पंप किती वेळा घेतला तेही लिहीत. नवराबायकोंचं बरं चाललं होतं. मुलगी नीरजा नवऱ्याबरोबर हिंजवडीला, तिथल्या रहदारीमुळे महिन्यातून एकदाच येणारी, त्यामुळे प्रेमही टिकून होतं.

एक गोष्ट मात्र केतकरांनी कधी केली नाही. दोन वेळांच्या मध्ये त्यांनी कपाट उघडलं नाही. दार उघडलं की बाहेरची हवा आत जाते आणि आकडे बिघडतात. "वेळेबाहेरची नोंद ही नोंद नव्हे," ते म्हणत, "त्या नुसत्या गप्पा."

२

अकरावा संच मार्चच्या पहिल्या आठवड्यात आला.

त्यांची इमारत मार्केट यार्डाच्या मागच्या चढावर होती. लोणी काळभोरचा संपत काळभोर यार्डात कांदा घेऊन यायचा. केतकर कांद्याचं पोतं त्याच्याकडूनच घेत. त्यांचं वेड त्याच्या कानावर होतं. त्या दिवशी त्याने कांद्याच्या पोत्याबरोबर दुसरं एक पोतं तिसऱ्या मजल्यावर चढवलं.

"काका, आईचा हाय," तो म्हणाला. "सोजरबाई, आमची आई. दिवाळीच्या आधी गेली. आता घरात कोन वाजवनार? बायको म्हनती टाकून द्या."

केतकरांनी पोतं सोडलं. करडा, रुंद, चार स्पीकरचा जपानी टू-इन-वन. मधोमध कॅसेटचं दार, त्याला पंज्याएवढी पारदर्शक खिडकी. एकही ओरखडा नाही. असा संच त्यांनी आजवर फक्त छापील चित्रात पाहिला होता.

"कशात ठेवला होता?"

"आईच्या खाटंखाली. कुनाला हात लावू द्येत नव्हती."

"वाजवायच्या का त्या?"

संपतने जरा विचार केला. "वाजवल्याला म्या तरी न्हाई ऐकला."

पैसे त्याने घेतले नाहीत. चहा पिऊन तो गेला. केतकरांनी नियमाप्रमाणे संच चोवीस तास प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला, खोलीच्या हवेशी त्याचं जमेपर्यंत. थंड वस्तू एकदम उबेत आणली की तिला घाम फुटतो, आणि तो घामच आतले भाग खातो. दुसऱ्या दिवशी त्यांनी संच कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवला, पुढे निळ्या दाण्यांची वाटी ठेवली आणि बराच वेळ नुसते बघत उभे राहिले.

"अकरावा जावई," पद्मजाबाई दारातून म्हणाल्या. "याला मुलगी कुठून आणायची?"

३

दाणे आठव्या दिवशी गुलाबी झाले.

पुण्यात मार्च महिना, म्हणजे ओठ फुटायचे दिवस. दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली. या दिवसांत कपाटातले दाणे दोन-दोन महिने निळे राहत. आताही दहा वाट्या निळ्याच होत्या. फक्त अकराव्या संचापुढची वाटी गुलाबी झाली होती, तीही कडेने नव्हे, तळापासून.

केतकर घाबरले नाहीत. खाटेखाली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर वर्षानुवर्षं राहिलेला संच. स्पीकरचा कागद ओल पिऊन बसला असणार. त्यांनी दाणे परतले, वाटी भरली. चौथ्या दिवशी ती पुन्हा गुलाबी. मग त्यांनी टेबलावर चादर अंथरून संच पूर्ण उघडला. आत कुठेही ओल नव्हती. रबरी पट्टा कोरडा, स्पीकरचा कागद कोरडा, बॅटरीच्या स्प्रिंगा लख्ख. फुंकर मारली तर धूळ उडाली.

त्याच संध्याकाळी साडेपाचला कपाट उघडलं तेव्हा कॅसेटच्या खिडकीवर, आतल्या बाजूने, थेंब ओघळत होते.

त्यांनी बोट लावून पाहिलं. बाहेरची बाजू कोरडी. दार उघडून आतून बोट फिरवलं तर ओलं झालं, आणि ते पाणी थंड नव्हतं. दव कसं धरतं हे जन्मभर टिपलेल्या माणसाला एवढं कळत होतं, की दव थंड पृष्ठभागावर धरतं आणि त्यासाठी जवळ कुठेतरी ओलसर हवा लागते. या कपाटात दोन्ही नव्हतं. सकाळी साडेआठला ती खिडकी स्वच्छ असायची. संध्याकाळी साडेपाचला पाझरत असायची. म्हणजे जे काही होत होतं ते मधल्या वेळात.

दुसऱ्या कुणीही दुपारी दोनला जाऊन कपाट उघडून पाहिलं असतं. केतकरांच्या मनात ते आलंसुद्धा नाही. त्यांनी वहीत लिहिलं, 'खिडकीवर आतून दव. कारण अज्ञात.' आणि हात धुऊन ते चहाला बसले.

पद्मजाबाई नुकत्याच दुपारच्या झोपेतून उठल्या होत्या. चेहरा टवटवीत दिसत होता.

"आज छान झोप लागली," त्या म्हणाल्या. "लागते हल्ली."

४

एप्रिलच्या सुरुवातीला केतकरांनी अकराव्या संचाचा बंदोबस्त करायचं ठरवलं. टेपची फीत वाचणाऱ्या हेडवर गंजाचा पहिला ठिपका दिसला होता, आणि तो पाहून त्यांना स्वतःच्या डोळ्यात फूल पडल्यासारखं वाटलं. पिठाचा मोठा पत्र्याचा डबा त्यांनी उन्हात तापवून घेतला, तळाशी किलोभर परतलेले दाणे पसरले, त्यावर संच ठेवला, झाकण लावून फटीवर चिकटपट्टी मारली. तेव्हा सकाळचे साडेआठ वाजून गेले होते. डबा कपाटाशेजारी ठेवून ते समाधानाने बाजारात गेले.

त्या दिवशी सव्वापाचला पद्मजाबाई झोपेतून धडपडत उठल्या. श्वास आत जात नव्हता. पंप चार वेळा झाला, काही उपयोग नाही. खालच्या मजल्यावरच्या मंदाकिनी गोडबोले धावत वर आल्या. त्या निवृत्त परिचारिका होत्या. त्यांनी पद्मजाबाईंना खुर्चीत पुढे वाकवून बसवलं, पाठीवर हात ठेवला आणि केतकरांना रिक्षा बोलवायला सांगितलं. ओठ निळसर दिसत होते. असा झटका मागे कधी आला नव्हता.

रिक्षा खाली येऊन उभी राहिली. "त्यांची औषधांची फाइल आणा," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

फाइल मधल्या खोलीत होती. केतकर आत गेले. भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच वाजत होते. पुढे जे झालं त्याची त्यांना नंतर लाज वाटली. हातात फाइल घेतलेली असताना, बायको बाहेर घुसमटत असताना, चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांचा दुसरा हात डब्याकडे गेला, चिकटपट्टी ओढली आणि झाकण उचललं.

बाहेरच्या खोलीत पद्मजाबाईंनी एक लांब, भरलेला श्वास घेतला. तो त्यांना आतपर्यंत ऐकू आला.

"आला," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "हळू घ्या. पुन्हा."

रिक्षा परत पाठवली. सगळं शांत झाल्यावर केतकर वही घेऊन बसले. संच आल्यापासून पंपाच्या रकान्यात शून्यं होती. कधी नव्हे अशी ओळीने शून्यं, आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने लिहूनही त्यांना दिसली नव्हती, कारण ते शेजारचा रकाना बघत होते. मध्येच कुठे दोन, कुठे तीन. प्रत्येक वेळी त्या दिवशी वाटीत ताजे दाणे भरलेले. आणि आज चार.

एवढ्याशा नोंदींवरून हवामानाचा अंदाज करायचा नसतो, हे त्यांनी कित्येक शिकाऊंना ऐकवलं होतं. स्वतःलाही ऐकवलं. मग उठून त्यांनी संच डब्यातून बाहेर काढला, कपाटात ठेवला आणि त्याच्यापुढची वाटी रिकामी केली.

५

त्यानंतरचे पाच आठवडे या जोडप्याच्या संसारातले सर्वांत सुखाचे होते, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

केतकरांनी झिरोचा बल्ब काढला. बाकीचे दहा संच नीरजाच्या जुन्या खोलीत हलवले. कपाटात एकटा अकरावा राहिला आणि रोज ओला होत गेला. हेड तपकिरी पडलं, स्प्रिंगांवर हिरवी बुरशी आली. पूर्वी असं काही दिसलं असतं तर ते जेवले नसते. आता ते बघत आणि शेजारच्या रकान्यात शून्य लिहीत. पद्मजाबाई वीस वर्षांनी पर्वती चढून आल्या, मध्ये फक्त एकदा थांबल्या, तेही केतकरांसाठी. एका रविवारी त्यांनी नीरजाला फोनवर अख्खं गाणं म्हणून दाखवलं.

"औषध बदललंत का?" नीरजाने बाबांना विचारलं.

"हवा बदलली," केतकर म्हणाले.

फक्त एकच गोष्ट होती. पद्मजाबाईंची दुपारची झोप वाढत होती. पूर्वी अर्धा तास, मग दीड तास. मेमध्ये त्या दीडला आडव्या होत आणि साडेपाचला, केतकर नोंद घ्यायला कपाट उघडत, तेव्हाच उठत. आधी हाक मारून पाहिली तर उठत नसत. कपाट उघडलं की पाच मिनिटांत स्वयंपाकघरात कपबशा वाजू लागत. केतकरांनी हेही पाहिलं आणि त्यावर विचार करायचं टाळलं. सुखात माणूस फार चौकशा करत नाही.

तरीही एक दिवस त्यांनी संपतला फोन लावला.

"तुमच्या आईंना दम्याचा त्रास होता का हो?"

"आईला? ल्हानपनी हुता म्हनं. नंतर काय बी न्हाई. अष्ट्याहत्तर वर्सं ठनठनीत. शेवटी झोपायची लय, एवढंच."

"आणि गेल्या कशा?"

"झोपंतच की. दुपारी पडली ती पडलीच. समदे रानात हुतो." तो म्हणाला. "चांगलं मरान आलं, काका. तोंडावर हसू हुतं."

केतकरांनी फोन ठेवला. दुपारचे पावणेदोन झाले होते आणि पलीकडच्या खोलीत पद्मजाबाई नुकत्याच झोपल्या होत्या.

६

त्या दिवशी केतकरांनी आयुष्यात पहिल्यांदा वेळेबाहेर नोंद घेतली.

आधी ते बायकोच्या पलंगाशी गेले. बाहेर ऊन भणभणत होतं, यार्डाकडून कुजक्या कांद्याचा वास येत होता, इमारतीत कुठेही माणसाचा आवाज नव्हता. पद्मजाबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. केतकर त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. पाठ हलत नव्हती. त्यांनी नाकापाशी हात धरला. तळहाताला काहीच लागलं नाही. मनगट धरलं तर नाडी होती, सावकाश आणि नीट. अंग उबदार होतं. फक्त श्वास तिथे नव्हता.

ओरडायला हवं, मंदाकिनीबाईंना बोलवायला हवं, असं त्यांच्या मनात आलं. पण त्यांचे पाय मधल्या खोलीकडे वळले होते.

कपाटाच्या दाराला त्यांनी आधी कान लावला. आतून आवाज येत होता. टेपचा नव्हता, त्यात कॅसेटही नव्हती आणि बॅटरीही. चाळीस वर्षं शेजारी झोपलेल्या बाईच्या श्वासाचा आवाज माणूस कुठेही ओळखतो. पद्मजाबाईंच्या श्वासाला शेवटी एक बारीकशी शीळ असे, ती तेवढी आता नव्हती.

त्यांनी दार बोटभर उघडलं.

खिडकी धुक्याने भरली होती. श्वास बाहेर आला की धुकं दाट व्हायचं, आत गेला की कडेने विरायचं. केतकर वाकले. खिडकीपलीकडे काही दिसण्याजोगं नव्हतं. कॅसेट ठेवायची चार बोटं खोल जागा, ती त्यांनी स्वतः उघडून पुसलेली होती. हे ते मनाशी म्हणत असतानाच धुक्यात एक ठिपका स्वच्छ झाला. तो आतून पुसला जात होता. बोटाच्या टोकाने, गोल गोल, ताटावरची भुकटी पुसावी तसा. रुपयाएवढा गोल झाला आणि थांबला.

त्या गोलातून कुणीतरी बाहेर बघत होतं. केतकरांना फक्त ओलसर चमक दिसली, आणि ती चमक एकदा मिटून उघडली.

मग तिच्या डाव्या बाजूला, थोडा खाली, दुसरा एक गोल पुसला जाऊ लागला.

त्यांनी काय केलं ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. त्यांचं नख खिडकीवर वाजलं, टक टक, दोनदा. आवाज थांबला. धुकं जागच्या जागी विरलं. आतली जागा रिकामी आणि कोरडी होती.

"अहो," पलीकडच्या खोलीतून पद्मजाबाईंचा झोपाळलेला आवाज आला. "कोण टकटक करतंय?"

७

केतकर पलंगाच्या कडेवर बसले. पद्मजाबाई उठून बसल्या नाहीत. त्यांच्या गालांवर रंग होता. इतकं तृप्त कुणी त्यांनी फारा दिवसांत पाहिलं नव्हतं.

"तुम्हीच होतात ना?" त्या म्हणाल्या. "केवढे मोठे दिसत होतात. अख्ख्या खिडकीभर."

"पद्मा, तू कुठे जातेस?"

"कुठे जाणार? झोपते." त्यांनी तोंड केतकरांकडे वळवलं. "तिथे श्वास घ्यावाच लागत नाही हो. आपोआप चालतो. तुम्हाला नाही कळायचं. तीस वर्षं एकेक श्वास मोजूनमापून घेतलाय मी. रात्री तुम्ही घोरायचात आणि मी उशीला टेकून पुढचा येतो का याची वाट बघायचे."

केतकरांनी हे कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्याकडे पंपाचे आकडे होते, रात्रीचे नव्हते. त्यांना एकदम फार वाईट वाटलं.

"तो संच मी उद्या लोणीला परत नेऊन देतो," ते म्हणाले.

"द्या की," पद्मजाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मग मला पंप तेवढा आणून ठेवा. आणि रात्रीचं तुम्ही जागत बसा माझ्याबरोबर."

खोलीत पंखा फिरत होता. तो निळसर ओठांचा दिवस केतकरांच्या डोळ्यांपुढे आला, आणि तो पुन्हा बघायची आपली तयारी नाही हे त्यांना स्वच्छ कळलं.

"तिथे आणखी कोण आहे?"

"एक म्हातारी बाई असतात. नऊवारीतल्या. फार बोलत नाहीत. मी गेले की सरकून जागा करून देतात." पद्मजाबाई हसल्या. "आज विचारत होत्या, मालक यायचे का म्हणून. जागा होईल म्हणाल्या."

केतकर त्यांच्याकडे बघत राहिले. पुण्यात जन्म काढून ते दुपारी कधी झोपले नव्हते, आणि आता त्यांच्या पापण्या जड झाल्या होत्या. भीती होती, पण ती दुरून, शेजारच्या घरात कुणीतरी भांडत असल्यासारखी ऐकू येत होती.

"आणि मग साडेपाचला टकटक कोण करणार?" त्यांनी विचारलं.

पद्मजाबाई भिंतीकडे सरकल्या. उशीचा अर्धा भाग त्यांनी हाताने थोपटून सारखा केला.

"कशाला करायची?" त्या म्हणाल्या.

केतकरांनी चष्मा काढून स्टुलावर ठेवला आणि ते त्यांच्या शेजारी आडवे झाले.